हिवाळ्याचं लोणी

नोव्हेंबरात गाई गोठ्यात आल्या
की लोणी पांढरं पडायचं.
गाई त्याच, धारा काढणारे हात तेच,
फक्त कुरण गेलेलं
आणि दावणीत सुकं गवत.
लेउवार्डेनच्या बाजारात दर शुक्रवारी
पारखी पिंपात पोकळ सळई खुपसायचा,
फिरवून काढायचा, हुंगायचा,
मग उजेडाकडे धरायचा.
पांढरं दिसलं की म्हणायचा,
बाई, मेणबत्त्या विकायला आणल्यात का?

म्हणून माझी खापरपणजी वित्स्के
गाजरं किसायची.
कीस फडक्यात बांधून पिळायची,
रस सायीत ओतायची,
आणि घुसळण संपेपर्यंत
जानेवारीच्या लोण्यात जून उतरायचा.

ही लबाडीच.
तिनं ती हिशेबाच्या वहीत लिहून ठेवली आहे,
लाज न वाटता, मिठाच्या खाली:
गाजरं, दोन टोपल्या.

त्याच पानावर हिद्दे आहे.
अनाथालयातून आणलेला, वय अकरा,
जेवण आणि लाकडी बूट यांच्या बदल्यात.
जेवण म्हणजे बटाटे आणि पाणचट ताक;
साय बाजाराची होती.

चौदा जानेवारी: हिद्दे तिन्हीसांजेला चरात पडला.
बादलीभर दूध गेलं.
एकोणीस जानेवारी: हिद्दे दाराच्या चौकटीवर आपटला.
पोरगं आंधळं आहे की आळशी?

यापुढचं वहीत नाही. मी रचते आहे.
पिळलेला चोथा डुकरांना टाकायचं काम
त्याचं होतं असं मी धरते.
गोठ्यापासून डुकरांपर्यंत चाळीस पावलं,
आणि त्याला भूक.
पहिली मूठ चोरून, दुसरी सवयीनं.
परतताना रवी धुवायची,
धुण्याआधी चाटायची,
पात्यांच्या फटीत अडकलेला कण न् कण
जिभेनं शोधायचा.
गाजराचा तो रंग पाण्याला दाद देत नाही,
त्याला स्निग्धाची सोबत लागते,
हे त्याला कोण सांगणार?
पारख्यालाही ठाऊक नव्हतं.
वित्स्केला तर नाहीच. तिला भाव ठाऊक होता.

मग एका संध्याकाळी
भिंत चाचपत जायचं तो विसरला असेल.
आधी गोठलेल्या कालव्याची कड दिसली असेल,
मग कुंपणावरची मांजर,
जी रोज तिथेच बसायची
आणि रोज नसायची.

वहीत पुन्हा, एक मार्च:
हिद्दे आता रात्री दिव्याशिवाय जातो.
तेल वाचलं.

एवढंच. तेल वाचलं.

मी मार्गारिनच्या कारखान्यात रंग मोजते.
आमचं मार्गारिन मुळात राखाडीकडे झुकणारं,
त्याला कुरणाची आठवण असायचं कारण नाही.
डब्यातला दाट, विटकरी द्रव
ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत तोलते,
नमुना फासून पट्टीशी जुळवते.
आकडा सहा म्हणजे वसंत,
आठ झाला तर गिऱ्हाईक संशय घेतं.
पाकिटावर तो दोनदा छापला जातो:
एकदा रंग म्हणून, बारीक अक्षरात,
एकदा पोषण म्हणून, जरा ठळक.
पदार्थ एकच. पिंप एकच.
साहेबांना विचारलं, यातला खरा कुठला?
ते म्हणाले, दोन्हींचा खर्च एकाच खात्यात टाक.

वाळलेल्या गवतातून जो उडून जातो
तो हाच. हिरव्याखाली दडलेला असतो,
म्हणून गवताला कुणी पिवळं म्हणत नाही.
म्हणजे वित्स्के गाईचंच
गाईला परत करत होती?
असं म्हटलं की तिची लबाडी धुऊन निघते,
आणि मला ती धुवायची नाही.
तिनं त्या पोराला लोण्याचा गोळा दिला नाही.
फडक्यातून जे निसटलं
त्यावर त्याचे डोळे उघडले.

तीन मे: गाई बाहेर सोडल्या.
उड्या मारतात येड्यासारख्या.
गाजरं बंद.

हिद्देचं नाव
पुढच्या पानावर नाही.